कानस कुठे चालवावी? इलेक्ट्रोमेकॅनिकल आणि सॉलिड-स्टेट पिनबॉल यंत्रांची दुरुस्ती

शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९७७ साली ‘हॉट टिप’ हे पिनबॉल यंत्र बाजारात आणले ते दोन प्रकारांत. घोड्यांच्या शर्यतीचे तेच चित्र, तशीच लाकडी पेटी, गोळी परतवणारे तसेच फ्लिपर. मात्र एका प्रकाराच्या पोटात रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), कॉइल (वीज मिळताच लोखंडी दांडा ओढणारी तारेची वेटोळी) आणि गुण मोजणारी फिरती चाके होती, तर दुसऱ्याच्या मागच्या पेटीत मायक्रोप्रोसेसर असलेला सर्किट बोर्ड. त्याच सुमारास बॅली कंपनीची ‘फ्रीडम’ आणि ‘माता हारी’ ही यंत्रेही अशीच दोन्ही रूपांत निघाली. पहिल्या प्रकाराला इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणतात, दुसऱ्याला सॉलिड-स्टेट. पहिल्याची सद्दी दशकाच्या अखेरीस संपली आणि दुसऱ्याची परंपरा आजही चालू आहे; पण मधल्या दोन-तीन वर्षांत तयार झालेली यंत्रे आजही शेजारी शेजारी विकायला येतात आणि घेणारा दोन्हींवर तीच हत्यारे, तीच पद्धत चालवतो. बरीच नासधूस तिथूनच सुरू होते.

ओळख पटवणे अवघड नाही. गुणांची चाके खडखडत फिरत असतील तर यंत्र इलेक्ट्रोमेकॅनिकल, प्रकाशमान आकडे असतील तर सॉलिड-स्टेट. आवाजावर मात्र विसंबू नये, कारण सुरुवातीच्या कित्येक सॉलिड-स्टेट यंत्रांतही धातूच्या पट्ट्यांवर कॉइलचा दांडा आपटून वाजणारे जुनेच टोल होते. दुरुस्तीला बसणाऱ्याला एवढी ओळख पुरत नाही. त्याने प्रत्येक स्विचपाशी एकच प्रश्न विचारायला हवा: या दोन कॉन्टॅक्टमधून कॉइल ओढण्याइतकी वीज वाहते, की नुसती खबर?

इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्रात स्विच हाच कामगार असतो. गोळी रबरावर आपटली की रबरामागच्या दोन लवचिक पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि त्यांच्या टोकांच्या कॉन्टॅक्टमधून वीज थेट रिलेच्या किंवा गोळीला टोलवणाऱ्या बंपरच्या कॉइलमध्ये जाते. गॉटलिब कंपनीच्या यंत्रांत ही वीज साधारण २४ ते ३० व्होल्टची असते, बॅलीच्या अनेक यंत्रांत ५० व्होल्टची, आणि बहुतांशी एसी. कॉन्टॅक्ट सुटताना दर वेळी बारीक ठिणगी उडते, तिच्यामुळे पृष्ठभाग काळवंडतो आणि खडबडीत होतो. हे कॉन्टॅक्ट चांदीचे असतात, फ्लिपरसारख्या जड कामाच्या जागी टंगस्टनचे. जुन्या स्कूटरचा सीबी पॉइंट (इंजिनाच्या ठिणगीसाठी उघडमीट होणारा कॉन्टॅक्ट) पॉलिश पेपरने घासून ज्यांनी गाडी चालू केली आहे, त्यांना हे काम नवे वाटणार नाही: बारीक कानस किंवा लवचिक घासपट्टी दोन कॉन्टॅक्टमध्ये धरून हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवायची, मग पट्ट्यांचा बाक असा जुळवायचा की टेकल्यानंतरही त्या किंचित पुढे सरकून एकमेकींवर घासल्या जातील. हे शेवटचे घासणे फार महत्त्वाचे आहे. नुसता स्पर्श होणारा कॉन्टॅक्ट पंधरवड्यात पुन्हा काळा पडतो, घासत टेकणारा स्वतःला साफ ठेवतो.

सॉलिड-स्टेट यंत्रात दिसायला तशाच पट्ट्या असतात, पण प्लेफील्डवरच्या, म्हणजे गोळी फिरते त्या उतरत्या फळीवरच्या, बहुतेक स्विचांना कॉइल चालवायची नसते. बोर्डावरचा प्रोसेसर स्विचांची एक जाळी सतत वाचत असतो. विल्यम्सच्या १९९०च्या दशकातल्या यंत्रांत ती आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींची, म्हणजे ६४ स्विचांची आहे. एकेका उभ्या ओळीला क्षणभर संकेत द्यायचा आणि कोणत्या आडव्या ओळीतून तो परत येतो ते पाहायचे, एवढेच काम. व्होल्ट जेमतेम पाच किंवा बारा, प्रवाह काही मिलिअँपिअर. एवढ्याशा विजेला कॉन्टॅक्टवरचा अतिशय पातळ मळही अडवतो आणि ती तो जाळूनही टाकू शकत नाही; म्हणून या कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा देतात. त्यावर कानस चालवली की मुलामा निघून जातो. स्विच त्या दिवशी उत्तम चालतो आणि काही महिन्यांनी उघडा पडलेला धातू गंजला की अधूनमधून दगा देऊ लागतो. अशा कॉन्टॅक्टसाठी जाड कागदाची पट्टी, उदाहरणार्थ व्हिजिटिंग कार्ड, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून दोन्हींच्या मधून ओढणे पुरते. एवढ्याने भागले नाही तर दोष बहुधा मळात नसतो. पट्टीचा बाक, तुटलेला डाग (सोल्डरचा जोड) किंवा स्विचजवळचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासावा. या जाळीत प्रत्येक स्विचला एक डायोड असतो आणि तो निकामी झाला की गोळी एका ठिकाणी लागते नि गुण भलत्याच ठिकाणचे मिळतात. ते पाहून लोक बोर्ड बदलायला निघतात, आणि खर्च मात्र रुपया-दोन रुपयांच्या डायोडचा असतो.

‘इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणजे कानस, सॉलिड-स्टेट म्हणजे कागद’ असा सरळ नियम मात्र करता येत नाही. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जोराचा फटका देणारे आणि दुसरे फ्लिपर वर धरून ठेवणारे. फटका पूर्ण झाला की टोकाशी असलेला स्विच उघडतो आणि जोराचे वेटोळे बाजूला पडते. विल्यम्स-बॅलीच्या १९९२ पर्यंतच्या सॉलिड-स्टेट यंत्रांतही या टोकाच्या स्विचमधून आणि पेटीच्या बाजूच्या बटणांमागच्या स्विचमधून फ्लिपरची पूर्ण वीज वाहत असे; म्हणून ते टंगस्टनचे असतात आणि त्यांना कानस लागतेच. १९९२च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ या यंत्रापासून त्यांनी फ्लिपरही प्रोसेसरच्या ताब्यात दिले. तेव्हा टोकाचा स्विच नुसती खबर देणारा झाला, नेहमी मिटलेला असायचा तो नेहमी उघडा झाला आणि त्यावर सोने आले. म्हणजे एकाच जागी असलेल्या, एकच काम करताना दिसणाऱ्या स्विचला एका वर्षाच्या यंत्रात घासायचे आणि पुढच्या वर्षाच्या यंत्रात कानस जवळही आणायची नाही. प्रकाराचे नाव पाहून चालत नाही, वायर कुठून येते आणि कुठे जाते हे पाहावे लागते.

डायोडच्या बाबतीत हा विरोध आणखी ठसठशीत आहे. सॉलिड-स्टेट यंत्रातली कॉइल डीसीवर चालते आणि तिच्या दोन टोकांमध्ये एक डायोड डागलेला असतो. कॉइल बंद होताना तिच्यात उलटा विजेचा झटका निर्माण होतो, तो या डायोडमधून जिरतो. डायोडची तार तुटली तर तोच झटका कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर जातो. ट्रान्झिस्टर मरतो तो बहुधा शॉर्ट होऊनच. मग यंत्र सुरू करताच ती कॉइल ओढली जाते ती सुटतच नाही, दोन मिनिटांत वेष्टनाचा करपट वास येतो आणि फ्यूज योग्य क्षमतेचा नसेल तर कॉइल जळते. अशा वेळी ट्रान्झिस्टर बदलून लगेच यंत्र चालू करणे हा घाईचा उद्योग आहे. आधी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा; करपलेली कॉइल आतून शॉर्ट होऊन जेमतेम एक-दोन ओहम दाखवत असेल तर नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जाईल. उलट एसीवर चालणाऱ्या इलेक्ट्रोमेकॅनिकल कॉइलवर कुणी ‘काळजी म्हणून’ डायोड बसवला, तर विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तो कॉइलला बगल देऊन थेट शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. एका यंत्रात जो नसल्याने नुकसान होते, तोच दुसऱ्यात असल्याने होते. सुटे भाग विकणाऱ्याकडून कॉइल मागवताना नुसते आकारमान सांगून भागत नाही ते याचसाठी.

बिघाड शोधण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि माझ्या मते इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्राची खरी मजा इथेच आहे. समजा, नाणे टाकून खेळ सुरू केला, गुणांची चाके फिरली, पण यंत्राच्या तळातली मोटार थांबेचना. या मोटारीवर खाचांच्या चकत्या असतात आणि त्या ठरावीक क्रमाने स्विच उघडतात-मिटतात. गॉटलिबच्या यंत्रात मोटार एक तृतीयांश फेरा घेते तेवढ्यात पाच ठोके मिळतात, पन्नास गुण मिळताना दहाचा टोल पाच वेळा वाजतो तो यामुळे. नवा खेळ सुरू होताना मोटार सगळ्या चाकांना शून्यावर आणते आणि प्रत्येक चाकाने ‘मी शून्यावर आहे’ अशी खबर दिल्यावरच थांबते. म्हणून आधी चाकांकडे पाहावे. एखादे चाक सातावर अडले असेल तर त्याची कॉइल, पाऊल टाकणारी कळ किंवा स्प्रिंग यांत दोष आहे. सगळी चाके शून्यावर असूनही मोटार फिरत असेल तर कुठल्या तरी चाकाचा शून्याचा स्विच मळला आहे. मागची पेटी उघडून एकेका चाकाचा तो स्विच हाताने हलवत गेले की एका चाकाशी मोटार थांबते, आणि बिघाड सापडतो. बोर्ड नाही, प्रोग्राम नाही. डोळ्यांपुढे सारे हलते.

अडलेल्या चाकांचे आणि पावला-पावलाने सरकणाऱ्या चकत्यांचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जुने ग्रीस. पन्नास वर्षांत ते मेणासारखे घट्ट होते. तो भाग सुटा करून ते अल्कोहोलने पुसून काढावे. वरून आणखी तेल सोडू नये. कॉइलच्या नायलॉनच्या नळीत तर तेल कधीच घालू नये, कारण धुळीचा चिखल होऊन दांडा अडकतो. फवाऱ्याच्या डब्यातले तेल लोक सर्रास मारतात. ते ज्वालाग्राही असते आणि या यंत्रात ठिणग्या उडतात, एवढे लक्षात ठेवावे.

सॉलिड-स्टेट यंत्र आपले दुखणे बरेचसे स्वतः सांगते. नाण्याच्या दाराच्या आत एक बटण असते, त्याने दिवे, कॉइल, आकडे आणि स्विच यांच्या चाचण्या चालवता येतात. बॅलीच्या १९७०-८०च्या दशकांतल्या बोर्डावर एक लहान एलईडी आहे. यंत्र सुरू होताना तो सात वेळा लुकलुकला तर बोर्ड ठीक. पहिले तीन ठोके मेमरीचे, चौथा-पाचवा बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या दोन चिपांचा, मग घड्याळाचा आणि शेवटचा एसी विजेच्या आवर्तनांचा माग घेणाऱ्या सर्किटचा. चारच ठोके पडून दिवा थांबला तर पाचव्या पायरीवर शोध घ्यायचा. हे वाचायला सोपे आहे, पण बोर्डाला हात लावण्यापूर्वी कनेक्टर पाहावेत. दिव्यांची जड वीज वाहून तपकिरी झालेल्या पिना आणि सैल पडलेली घरे यांच्यामुळे होणाऱ्या तक्रारी चिपांच्या तक्रारींपेक्षा किती तरी जास्त असतात. बॅलीच्या प्रकाशमान आकड्यांना १७० ते १९० व्होल्ट लागतात, तेव्हा मागची पेटी उघडी ठेवून चालू यंत्रात बोटे घालू नयेत.

नुसते पडून राहिल्याने दोन्ही बिघडतात, पण एकाची हानी भरून येते आणि दुसऱ्याची पुष्कळदा येत नाही. दहा वर्षे गोदामात राहिलेल्या इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्राचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, ग्रीस घट्ट होते, बस्स. सॉलिड-स्टेट यंत्राच्या बोर्डावर मात्र गुणांच्या नोंदी जपण्यासाठी बॅटरी असते, बॅलीच्या बोर्डावर डागलेली निकेल-कॅडमियमची, विल्यम्सच्या बोर्डावर साधे तीन सेल. ती गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा, चिपांचे सॉकेट, रोधकांचे पाय खात सुटतो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर प्रथम बॅटरी काढावी, पांढऱ्या व्हिनेगरने क्षार मारावा, पाण्याने धुवावे, अल्कोहोलने सुकवावे आणि मगच कोणत्या रेषा तुटल्या ते तपासावे. क्षार न मारता नवे सॉकेट डागले तर तो डागाखालून पुन्हा पसरतो. नवी बॅटरी बोर्डावर बसवू नये. वायरीने दूर खाली ठेवावी, किंवा बॅटरीविना नोंदी जपणारी मेमरी चिप बसवावी. यंत्र विकत घेताना मी आकडे उजळतात की नाही हे नंतर पाहीन, मागची पेटी उघडून बॅटरीचा कोपरा आधी पाहीन.

नाण्याच्या दाराबद्दल, रबरी कड्यांबद्दल, प्लेफील्ड स्वच्छ करून त्यावर मेण लावण्याबद्दल दोन्हींत फरक नाही. खडबडीत झालेली गोळी बदलावी, नाही तर ती लाकडावरचा रंग घासून काढते. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा चंदेरी कागदाची पट्टी कुणी घातली असेल तर ती काढून टाकावी, यंत्र कुठलेही असो.

अमेरिकेत घरातल्या तळघरात असे यंत्र बाळगलेली मराठी मंडळी परतताना ते पुण्या-मुंबईला आणण्याचा विचार करतात, तेव्हा हाच फरक विजेच्या रूपात समोर येतो. तिथली वीज ११५-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. सॉलिड-स्टेट यंत्रातली वीज डीसी करूनच वापरली जात असल्याने त्याला याचा फारसा फरक पडत नाही, आणि १९९०च्या दशकातल्या विल्यम्स-बॅलीच्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून ते थेट २३० व्होल्टवर चालवता येते. इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्राची मोटार मात्र एसीच्या आवर्तनांवर फिरते. इथे ती सुमारे एक षष्ठांशाने मंदावते, चाके सावकाश शून्यावर येतात, टोल रेंगाळत वाजतात आणि मूळचा ट्रान्सफॉर्मर थोडा अधिक तापतो. खेळ चालतो, पण लांबच्या खेळात ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहत राहावे. जुन्या पेट्यांना दोन पिनांचा प्लग असतो, पेटीतल्या उघड्या धातूला अर्थिंग नसते. तीन पिनांची वायर टाकून नाण्याचे दार आणि बाजूचे धातूचे पट्टे अर्थला जोडल्याशिवाय ते यंत्र मुलांच्या हाती देऊ नये.