टाकाक्सची नेमबाजी : आधी हुद्दा आडवा आला, मग हात

हंगेरीचा नेमबाज कॅरोली टाकाक्सची गोष्ट आपल्याकडे नेहमी त्याच्या उजव्या हातात फुटलेल्या हातबॉम्बपासून सुरू होते. पण त्याची खरी अडवणूक त्याआधीच झाली होती, आणि ती अपघाताने नव्हे.

१९३६ मध्ये तो हंगेरीतल्या अव्वल पिस्तूल नेमबाजांपैकी होता. तरीही बर्लिन ऑलिंपिकला त्याला पाठवलं नाही, कारण तो सार्जंट होता आणि लष्करातून फक्त कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनीच खेळायचं असा दंडक होता. नेम किती अचूक, हा प्रश्नच आला नाही. घोडेस्वारीत तर असा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर होता. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याचा प्रकार) जिंकलेल्या स्वीडनच्या संघाचं सुवर्ण पुढच्या वर्षी काढून घेतलं गेलं, कारण त्यांच्यातल्या एका सार्जंटला स्पर्धेपुरती बढती दिली होती. अधिकारी तेवढा हौशी खेळाडू आणि त्याच्या हाताखालचा माणूस पगारी व्यावसायिक, अशी ही समजूत. दोघेही पगार एकाच सैन्याचा घेत होते! हा दंडक २०१२ मध्ये असता, तर टाकाक्सच्याच रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात लंडनला रौप्य जिंकणारा आपला सुभेदार विजय कुमारही घरीच बसला असता.

बर्लिननंतर हंगेरीतली बंदी उठली. वाट मोकळी झाली आणि १९३८ मध्ये सरावात सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातात फुटला. गाजावाजा न करता त्याने डावा हात तयार केला. १९३९ च्या वसंतात तो राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघातही होता. पुढची दोन ऑलिंपिकं युद्धाने गिळली.

१९४८ च्या ऑलिंपिकसाठी लंडनला पोचला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. रॅपिड फायरमध्ये पंचवीस मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार. म्हणजे शेवटी नेम स्थिरावायला एका लक्ष्यामागे पुरता सेकंदही नाही. त्यात ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम करून त्याने अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्याला नऊ गुणांनी मागे टाकलं. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७९ गुणांवर पुन्हा सुवर्ण. या प्रकारात सुवर्ण राखणारा तो पहिलाच. एका गुणाने मागे राहून रौप्य घेणाराही हंगेरियनच, टाकाक्सनेच शिकवलेला. १९५६ ला मेलबर्नमध्ये तो आठवा आला.