रेडमधला 'आय'

ठाण्यात घरी पीसी जुळवणाऱ्यांची वारी ठरलेली असते: दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव काढायचा आणि हार्डडिस्कचं खोकं मांडीवर सांभाळत परतायचं. एकाऐवजी तीन डिस्क आणल्या की विषय निघतो रेडचा (आरएआयडी), म्हणजे अनेक डिस्क जुंपून एकीसारख्या वापरण्याच्या पद्धतीचा. या नावातला 'आय' आता 'इंडिपेंडंट'चा समजतात. मुळात तो 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्ताचा होता.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एकीकडे मेनफ्रेमला, म्हणजे कंपन्यांच्या अवाढव्य संगणकाला लागणारी आयबीएमची ३३८० ही डिस्क, क्षमता ७,५०० एमबी. दुसरीकडे पीसीसाठीची कॉनरची साडेतीन इंची डिस्क, १०० एमबीची. अशा ७५ डिस्क एकत्र जुंपल्या तर जागा तेवढीच, पण वाचण्या-लिहिण्याची ताकद बारापटीपर्यंत, आणि खर्चही कमी. गाडं अडत होतं भरवशावर. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कच्या ताफ्यात दर ३०० तासांनी एक उडणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जास्तीची डिस्क आली.

त्या डिस्कवर बसते पॅरिटी, आणि ती शाळकरी गणिताइतकी सोपी आहे. पहिल्या डिस्कवर १, दुसरीवर ० असेल तर तिसरीवर १ लिहायचा. एकांची संख्या नेहमी सम ठेवायची. कुठलीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो. सगळी पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक वेळी लिहिताना तिच्यापुढे रांग लागते. ती सर्व डिस्कवर वाटून दिली की झाली रेड ५. कल्पना अगदी कोरी नव्हती. हरवलेला डेटा असा परत मिळवण्याचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं, आणि दुहेरी प्रतही जुनीच. बर्कलीकरांनी तिला नाव दिलं, १ ते ५ अशा पायऱ्या लावल्या आणि हिशेब मांडून दाखवला.

पुढे गंमत झाली. कंपन्यांनी यावर महागडी कंट्रोलर कार्डं, म्हणजे डिस्कचा कारभार सांभाळणारी वेगळी कार्डं काढली, आणि त्यांच्या माहितीपत्रकात 'स्वस्त' हा शब्द शोभेना. 'आय'चा अर्थ बदलला तो तेव्हा. घरगुती जुळवणीत स्वस्ताई परत आणली लिनक्सने: पॅरिटीचं गणित साधा प्रोसेसरच करू लागला. २००१ पासून नील ब्राऊन यांचं एमडीअ‍ॅडम हे लिनक्सवर रेड जुळवायचं सॉफ्टवेअर हाताशी आलं, आणि कार्डाची गरजच संपली. मदरबोर्डच्या बायोसमधली (बोर्डातच असलेल्या, पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्राममधली) रेड मला कधीच पटली नाही. काम बहुतेक ड्रायव्हरच करतो, आणि बोर्ड गेला की तसाच दुसरा शोधत फिरा.

आपल्याकडची खरी कसोटी वेगळीच होती. बेस्टच्या हद्दीत दिवे चालू असायचे आणि ठाण्यात भारनियमन, ते दिवस आठवा. रेड ५ मध्ये डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोघांचा मेळ बसत नाही. तेव्हा काहीच कळत नाही. पुढे एखादी डिस्क गेली की त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचाच डेटा परत येतो. याला राइट होल म्हणतात. २००५ मध्ये सन कंपनीने खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेने, जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहून मगच पत्ता बदलायची रीत ठेवली, आणि हे भोक बुजलं. बाकीच्यांनी यूपीएस घेतला.

बर्कलीच्या गणितात एक गृहीतक होतं: प्रत्येक डिस्क आपापल्या मरणाने मरते, एकीचा दुसरीशी संबंध नाही. आपण एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या तीन डिस्क उचलतो, एकाच कॅबिनेटमध्ये एकीवर एक बसवतो आणि एकाच एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर चालवतो. 'इंडिपेंडंट' त्या फक्त नावात.