दुकान वाढवताना अपडेट चालू असेल तर मेन स्विच पाडू नका

सकाळी साडेनऊला आम्हा संगणक सांभाळणाऱ्यांना फोन येतो: "संगणक काल चांगला चालत होता, आज बिलच निघेना." जाऊन बघावं तर बहुतेक वेळा कारण तेच. रात्री पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ असं आलेलं असतं, घरी जायची घाई असते आणि कुणीतरी मेन स्विच पाडतं. बेळगावच्या रविवार पेठेतल्या एका होलसेल दुकानात अपडेट ३२ टक्क्यांवर असताना असाच स्विच पडला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डाटा वाचला, पण दुपारपर्यंत गिऱ्हाइकांची बिलं हातानं लिहावी लागली.

"मग अपडेट बंदच करून टाका" असं बरेचजण म्हणतात. ते आम्ही करत नाही, कुणी रागावलं तरी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि वर खंडणी मागितली गेली.

पॅच उतरला म्हणजे लागला असं नाही. बहुतेक पॅच रीस्टार्ट केल्यावरच पुरे लागतात. आणि रात्री शट डाऊन करून सकाळी चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप (संगणक पटकन चालू व्हावा म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, मेनूतलं ‘रीस्टार्ट’च दाबा.

विंडोजचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री येतात. तुमच्याकडे ते आठवड्यानं का लावतो? आधी आमच्या मशीनवर टॅली आणि बिलाच्या प्रिंटरसह चालवून बघतो म्हणून. कुठल्या मशीनला कुठला पॅच कधी लागला, याची वही आम्ही ठेवतो. गोडाऊनमधला जुना पीसी सगळेच विसरतात, पण तो काउंटरच्याच नेटवर्कवर असतो, म्हणून त्यालाही पॅच हवा. विंडोज १० ला पॅच मिळण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अजून तेच वापरत असाल तर आधी आम्हाला कळवा.

हे सगळं आमच्या देखभालीच्या वार्षिक करारात येतं. शहापूर, टिळकवाडी, उद्यमबागेत आम्ही स्वतः येतो. निपाणी, खानापूरला इथूनच मशीनला जोडून काम करतो. खानापूरकडं पावसात लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी अर्धा तास तरी टिकते का, ते जूनआधी तपासून घ्या. अपडेट अडकल्यासारखा वाटला तर स्विचला हात लावण्याआधी फोन करा, रात्री दहापर्यंत आम्ही उचलतो.