दोनशे फुटांचा कायदा आणि फुटावर चालणारी गाडी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, याचे कारण तिथल्या जमिनीच्या रचनेत आहे. अनेक सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, वरचा थर सच्छिद्र जांभ्या दगडाचा, त्याखाली शेडी ही चिकण माती आणि सर्वांत खाली काळा कातळ असतो. जांभ्यात मुरलेले पाणी शेडीवर अडते, उताराने झऱ्यांवाटे व्हाळात (ओढ्यात) उतरते आणि पावसाळा सरल्यावर झपाट्याने ओसरते. जुन्या विहिरी बहुधा याच अडलेल्या पाण्यावर चालतात. बोअर मात्र शेडी भेदून कातळात जाते. केसिंगभोवतीची (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवतीची) फट नीट बुजवलेली नसेल, तर वरचे पाणी तिथून खाली उतरते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठू शकते.

किनाऱ्यालगत प्रश्न आणखी नाजूक होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे भूगर्भात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर गोडे पाणी साधारण ४० मीटर खोलीपर्यंत मिळते. ती अर्ध्या मीटरने घटली, की खाऱ्याची सीमा कालांतराने २० मीटर वर सरकते. कातळात पाणी भेगांतून वाहत असल्याने हे गणित तिथे ढोबळच राहते, परंतु नारळीच्या वाडीतली विहीर मचूळ का झाली, हे त्यावरून कळते.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर १९९३च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानेच निर्बंध घातले होते. १ जून २०१४ पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई आहे आणि बोअर खोदणाऱ्या गाड्यांची नोंदणीही बंधनकारक आहे. (वरचे गणित पाहता किनाऱ्यावर ६० मीटरसुद्धा जास्तच होतात, पण तो निराळा विषय.)

माझ्या मते अंमलबजावणी गाडीपासून सुरू व्हावी. झाकण लावलेले बोअर झाडीत दडते. अख्ख्या वाडीला ऐकू जाणारी गाडी दडत नाही. शिवाय खोदाईचा दर फुटावर ठरतो, त्यामुळे ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, कुठे ओलांडले गेले याची नोंद गाडीवाल्याच्या बिलातच असते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती बिले मागितली, तर तपासणीला प्रत्येक बागेत जाण्याची गरज उरणार नाही.