तरंगांचे विवर्तन आणि तरंगलांबी

अडथळ्याच्या कडेपाशी किंवा फटीतून जाताना तरंग वळतात, पसरतात. याला विवर्तन म्हणतात. नुसत्या तरंगलांबीवरून ते ठरत नाही, फटीच्या किंवा अडथळ्याच्या मानाने ती केवढी हे पाहावे लागते. जुन्या नाशकातल्या बोळात वळणापलीकडचा माणूस दिसत नाही, त्याची हाक मात्र ऐकू येते. १०० ते ३०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण १ ते ३.५ मीटर, म्हणजे बोळाच्या रुंदीच्या तोडीची. (भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनाचाही त्यात वाटा असतोच.) प्रकाशाची तरंगलांबी जेमतेम ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, बोळाच्या मानाने नगण्य, म्हणून तो वळत नाही. त्र्यंबकच्या डोंगरांआड सुमारे ३ मीटरच्या एफएम लहरी क्षीण होतात, तर शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरी वळसा घालून पोचतात.

प्रकाशाचे विवर्तन दिसायला सीडीवरचे १.६ मायक्रोमीटर अंतराचे माग पुरतात. क्ष-किरणांची तरंगलांबी त्याहून हजारो पटींनी लहान, ०.१ नॅनोमीटरच्या आसपास. एवढ्या जवळ रेघा आखणार कोण? स्फटिकातले अणूंचे थर निसर्गतःच तेवढ्या अंतरावर असतात, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फोन लाउए यांनी हेरले. १९१२ मध्ये म्युनिकला फ्रीड्रिख आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि काचेवर ठिपके उमटले. पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी हिशेब सोपा केला: nλ = २d sin θ. यात λ म्हणजे तरंगलांबी, d म्हणजे थरांमधले अंतर, θ म्हणजे किरण आणि थर यांतला कोन आणि n म्हणजे १, २, ३ असा पूर्णांक; किरण एकूण २θ ने वळतो. मिठातील थरांचे अंतर ०.२८२ नॅनोमीटर, तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतले ०.१५४ नॅनोमीटरचे किरण तिथून ३१.७ अंशांनी वळतात, मॉलिब्डेनमचे ०.०७१ नॅनोमीटरचे अवघे १४.५ अंशांनी. तरंगलांबी २d पेक्षा मोठी असेल तर समीकरणाला उत्तरच नाही. म्हणून दृश्य प्रकाशाला हे थर जाणवत नाहीत.

नाशिक परिसरातील बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने मांडलेले आहेत. यांतली पहिली दोन झिओलाइट गटातली, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांत पाणी धरून ठेवणारी; या गटातील खनिजे डोळ्यांना सारखी भासू शकतात. चिमूटभर नमुना दळून त्याचा क्ष-किरण आलेख काढला की शिखरांच्या जागांवरून ओळख पटते. झिओलाइटमध्ये अडकलेल्या पाण्यातील हायड्रोजन मात्र क्ष-किरणांना फार अंधुक दिसतो, कारण ते इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच. तिथे जवळपास त्याच तरंगलांबीचे न्यूट्रॉन वापरतात. ते अणुकेंद्रावरून विखुरतात. असे न्यूट्रॉन झोत मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत मिळतात.