गाडी डावीकडे ओढते? आधी उजवं चाक बघा

ब्रेक दाबला की आमची गाडी डावीकडे ओढायची. स्टिअरिंग घट्ट धरलं तर सरळ थांबायची, जरा सैल सोडलं की निघाली साइडपट्टीकडे. एका गॅरेजमध्ये आधी अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचे कोन जुळवले, मग डाव्या चाकाचे पॅड, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, बदलल्या. पैसे गेले, ओढणं तसंच. अलाइनमेंट बिघडलं असतं तर ब्रेक न लावताही गाडी ओढली असती, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा ब्रेक मारत चक्कर मारली, उतरले आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला. डावीकडे धग लागत होती, उजवीकडे जेमतेम कोमट. "डावा बिचारा एकटा राबतोय. दुखणं उजव्याचं आहे."

बैलगाडी हाकलेल्याला हे सांगावं लागत नाही. डावा बैल अडला आणि उजवा चालत राहिला की गाडी डावीकडे वळते. मोटारही ज्या बाजूचं चाक जास्त अडतं त्या बाजूला वळते, म्हणजे बहुतेक वेळा धडधाकट ब्रेककडे. समजा, डाव्या चाकावर २००० न्यूटन आणि उजव्यावर १५०० न्यूटन ब्रेक लागला. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर जादाचे ५०० न्यूटन मध्यापासून ०.७ मीटरवर ओढतात. हा ३५० न्यूटन-मीटरचा पीळ झाला. चाकाचा नट आवळायला साधारण १०० पुरतात.

धगीची परीक्षा खरी ठरते, कारण ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. १००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबते तेव्हा सुमारे १,३९,००० ज्यूल ऊर्जा सोडते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या, म्हणजे पॅड ज्यांना चिमटतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्यांच्या पदरात पडतो. जी डिस्क थंड, तिने काम केलेलं नाही.

पण उलटंही घडतं. एखादा ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. मग ते चाक ब्रेक न दाबताही तापतं, गाडी त्याच बाजूला ओढते आणि पेट्रोलही जास्त पिते. इथे मेस्त्री लोकांची एक युक्ती मला फार आवडते. चाक जॅकवर घ्यायचं, ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवून बघायचं. फिरत नसेल तर कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, हवा काढायचा निपल किंचित सैल करायचा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. बरेचदा रबरी पाइप आतून सुजून बंद झालेला असतो. तरीही चाक जामच असेल तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर सरकण्याची पिन अडकली आहे. एका पान्यात निकाल!

पॅडवर ऑइल-ग्रीस सांडलं तरी तो ब्रेक घसरतो. चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा, रबरी बुश फाटला असेल तर ब्रेक लागताच चाक मागे सरकून तिरकं होतं. अशा वेळी ब्रेक कितीही उघडा, काही सापडत नाही.

काही गाड्या तर हा दोष लपवतात. १९७२ च्या आउडी ८० मध्ये पुढच्या चाकांची भूमिती अशी ठेवली होती, की एका बाजूचा ब्रेक जास्त लागला तर चाकं आपोआप थोडी उलट दिशेला वळावीत. पुढे ही रचना अनेक गाड्यांत आली. अपघात टळतात हे खरं, पण आजारही उशिरा कळतो.

आमच्या उजव्या चाकाचा कॅलिपर उघडला तेव्हा आतला पॅड झिजून पत्र्याला टेकायला आला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन हलेना. शेवटी पिळून, ठोकून बाहेर काढली. तिच्यावरचं रबर फुगून बसलं होतं आणि त्याला काळं, साधं चेसिस ग्रीस चिकटलेलं होतं. खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगतं, तिथे सिलिकॉनसारखं रबराला चालणारं ग्रीस लागतं. मेस्त्रींनी ते बोटावर घेऊन वास घेतला आणि विचारलं, "मागच्या सर्व्हिसिंगला हे कोणी भरलं?"