पार्श्वभूमी : अर्धी न होणारी वीट

शॉवरच्या आडोशासाठी काचेच्या विटा बघायला गेलं की चौकोनी नगांशेजारी कोपऱ्याचे आणि गोल कडेचे नगही दिसतात. ते महाग असतात. बहुतेक जण शोभेचे समजून ते यादीतून काढतात आणि काम निम्म्यावर आलं की पुन्हा दुकान गाठतात.

गंमत म्हणजे सुरुवातच आकारांनी झाली. स्वित्झर्लंडमधल्या एका वास्तुकाराने १८८६ साली ज्या फुंकीव विटांचं पेटंट घेतलं, त्यांत षटकोनीही होत्या. चौकोन रूढ झाला तो १९३०च्या दशकात, अमेरिकेत यंत्राने दाबलेल्या विटा निघाल्यावर. पॅरिसमध्ये १९३२ साली पुरं झालेलं काचघर या विटांचं उदाहरण म्हणून नेहमी दाखवतात. तिथली काच मात्र पोकळ नव्हतीच, भिंगासारखी दाबलेली भरीव होती.

घोळ 'वीट' या शब्दात आहे. मातीची वीट थापीच्या फटक्यात अर्धी होते. टोकाला अर्धी किंवा पाऊण लावून गवंडी सांधेमोड साधतो, म्हणजे वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. काचेची वीट म्हणजे दोन कवचं तापवून जोडलेली बंद डबी. थंड होताना आतली हवा आकसते आणि अर्धवट निर्वात पोकळी उरते. डबी कापली की संपली. काच पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटचा माल सावकाश धरतो आणि नुकताच लावलेला थर सरकतो. म्हणून मधे प्लास्टिकचे स्पेसर, ठरावीक थरांनंतर सळ्या, आणि सांध्यावर सांधा. सांधेमोड इथे सहसा करत नाहीत. शिवाय ही भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. तिच्यावर माळा टेकवायचा विचार करणारी मंडळी भेटतात. दोष त्यांचा नाही, नावाचा आहे. 'ग्लास ब्लॉक' म्हटलं तर निदान ही फसगत टळते.

या न कापता येण्यातूनच आजचे आकार आले. १९७०च्या दशकात मागे पडलेली ही काच १९८०च्या दशकात परतली ती घरात, विशेषतः न्हाणीघरात. बिनदाराचा शॉवर आला आणि भिंतीचं एक टोक उघडं पडलं. मातीच्या भिंतीत ते प्लास्टरने झाकलं असतं. इथे कारखान्यातच गोल कडेचा नग करावा लागला. काटकोनासाठी कोपऱ्याचा नग आला, तिरक्या वळणासाठी ४५ अंशांचा. गोलाई हवी असेल तर १९० मिमीच्या चौकोनी नगांनी ती साधारण दीड मीटर त्रिज्येच्या आत येत नाही. सांधे बाहेरून फाकतात. त्यापेक्षा घट्ट वळणाला अर्ध्या रुंदीचे नग लागतात.

आपल्याकडे फ्लॅटच्या जिन्यात आणि न्हाणीघराच्या झरोक्यात ही काच ओळखीची आहे. शॉवरसाठी मात्र टफन्ड काचेचं पार्टिशन पुढे गेलं. ते ८-१० मिमीत भागतं. ब्लॉक ८० मिमी जागा खातो आणि चार फुटी न्हाणीघरात तेवढीही जाणवते. तरी टफन्ड काचेवर क्षाराचे डाग रोज पुसावे लागतात, हे विकताना कुणी सांगत नाही. ब्लॉकमध्ये डोकेदुखी सांध्यांची : सांध्यांत भरलेलं पांढरं सिमेंट ओलीत काळं पडतं, म्हणून आता एपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न पिणारं राळेचं भरण, वापरतात.

मापाचं गणित मात्र जुनंच. १९० मिमीचा नग, १० मिमी सांधा, म्हणजे दर २० सेंमीला एक घर आणि चौरस मीटरला २५ नग. भिंतीची लांबी या पटीत बसत नसेल तर ती आराखड्यातच बदलावी लागते, कारण समजा सात सेंमी उरले, तर तिथे लावायला तुकडा नसतो.